पीळ

रात्रीचे पावणेबारा. पुण्याच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या एका जनावरांच्या दवाखान्यासमोर पिठाची पोती वाहणारा छोटा हत्ती येऊन थांबला. मागचा फाळका खाली पडला. दोघांनी गोधडीची चार टोकं धरून एक कुत्रा उतरवला. जर्मन शेफर्ड, वय सात वर्षं, नाव टायगर. त्याच्या काळ्या पाठीवर पिठाचा पांढरा थर होता. मागून बारावीतली मुलगी आणि तिच्या खांद्याला धरून तिची आजी उतरली.

डॉक्टरबाईंनी नाव-पत्ता विचारलाच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ओकला का?"

"नुसते उमासे येतात हो मॅडम," मुलीचे वडील म्हणाले. "काही पडत नाही. पांढरा फेस तेवढा."

"कधीपासून?"

"साडेनऊला जेवला. दहा-सव्वादहापासून घरभर फिरतोय. बसतो, उठतो, पोटाकडे वळून बघतो."

बाईंनी टायगरचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. दाबलेल्या जागी पांढरा ठिपका उमटला. निरोगी कुत्र्यात तिथे दोन सेकंदांच्या आत पुन्हा लाली येते. टायगरची लाली परतायला मी मनात चार मोजले. मग त्यांनी शेवटच्या फासळीमागे पोटावर बोटाने टिचकी मारली. ताणलेल्या पखवाजासारखा आवाज आला. "एक्स-रे," त्या मदतनिसाला म्हणाल्या, "आणि ओटी तयार ठेव."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘रात्र’ हा विषय दिला तेव्हा मी जनावरांच्या दवाखान्यातली रात्र मागून घेतली होती. त्यामागे माझं एक जुनं कारण आहे, ते पुढे येईल. इथली ही माझी तिसरी रात्र होती.

पोटात काय होतं

आपण सरसकट ‘आतड्याला पीळ पडला’ म्हणतो. टायगरच्या बाबतीत पीळ पडला होता तो जठराला. पशुवैद्य या आजाराला तीन अक्षरांत ‘जीडीव्ही’ म्हणतात: आधी जठर फुगतं, मग स्वतःभोवती फिरतं.

कुत्र्याचं जठर पोटात घट्ट बसवलेलं नसतं. वरून अन्ननलिका येते, खालून लहान आतडं निघतं आणि मधली पिशवी काही पडद्यांच्या आधाराने लोंबते. झोळी दोन टोकांना बांधलेली असते आणि मध्ये मोकळी झुलते, तसं. खोल आणि अरुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यात या झोळीला हलायला जागा जास्त असते. तिच्यात अन्न, पाणी आणि मुख्यतः गिळलेली हवा साठली की ती फुगते, आणि फुगता फुगता कधीतरी फिरते. ती कधी अर्धा वेढा घेते, कधी पाऊण, तर कधी पुरता एक.

त्याबरोबर वरचं दार बंद होतं, खालचंही बंद होतं. म्हणून कुत्रा उमासे काढतो आणि बाहेर काही पडत नाही. आत हवा वाढत राहते. जठराला चिकटून असलेली पाणथरी (प्लीहा) त्याच्यासोबत ओढली जाते आणि तिच्या शिरा पिळवटतात, कधी तुटतात.

खरा घात मात्र जठराच्या बाहेर होतो. शरीराच्या मागच्या भागातलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून हृदयाकडे परत जातं. फुगलेलं जठर त्या शिरेवर बसतं. हृदयाकडे रक्त पोचेनासं झालं की ते पुढे पाठवायलाही काही उरत नाही. रक्तदाब कोसळतो, हिरड्या फिकट पडतात, पाय थंड होतात. जठराच्या भिंतीला रक्त मिळत नाही आणि ती मरू लागते. हे सगळं काही तासांत घडतं. रात्री जेवून नीट झोपलेला कुत्रा पहाटे गेलेला असू शकतो.

एक्स-रे पडद्यावर आला. एका जठराच्या जागी हवेच्या दोन काळ्या पिशव्या दिसत होत्या आणि दोन्हींच्या मधोमध एक पांढरी रेघ होती. डॉक्टरबाईंनी रेघेवर बोट ठेवलं आणि वडिलांना सांगितलं, "हा पीळ. औषधाने सुटणार नाही. उघडावं लागेल."

गोठ्यातली खूण

टायगर दहाला अस्वस्थ झाला आणि पावणेबाराला दवाखान्यात पोचला. या आजारात पावणेदोन तास म्हणजे लवकरच. एवढ्या लवकर त्याला इथे आणलं ते आजींनी.

बाहेरच्या बाकड्यावर मी त्यांच्याशी बोलले. मूळच्या पुरंदर तालुक्यातल्या. सासरी चार म्हशी, दोन गायी, बैलजोडी. "मुलगा म्हणत होता गॅस झालाय, सोडा पाजू," त्या म्हणाल्या. "मी पोटावर हात मारला. म्हटलं, बाबा, हे फुगलंय. फुगलेल्या जनावराला उजाडायची वाट बघायला लावत नाहीत."

पोटफुगी गावात सगळ्यांना ठाऊक असते. पावसाळ्यात कोवळा, ओला लसूणघास गायीने अधाशासारखा खाल्ला की तिच्या पोटात फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो, ढेकर येत नाही. डावी भकाळी, म्हणजे फासळ्यांमागची कुशी, वर येते आणि तिच्यावर थाप मारली की ढोल वाजतो. मग धावपळ सुरू होते. फेस मोडायला गोडेतेल, डॉक्टरला निरोप, आणि जीव जायची वेळ आली तर डाव्या भकाळीत ट्रोकार नावाची टोकदार नळी खुपसून आतला वायू सोडणं. आजींनी हे चार-पाच वेळा पाहिलं होतं. त्यातल्या एका वेळी डॉक्टर नदीपलीकडे होते आणि गाय गेली.

गाय आणि कुत्रा यांच्यात एक मोठा फरक आहे. फुगलेल्या गायीचा वायू काढला की बहुतेकदा निभावतं. कुत्र्यात वायू काढणं हे अर्धंच काम, कारण खाली पीळ तसाच असतो. पण पहिली खूण तीच, थापेचा आवाज. आजींच्या हाताला तो ओळखीचा होता. चार म्हशींच्या गोठ्यातून दोन खोल्यांच्या घरात आलेल्या त्या हाताने कुत्र्याचं पोट वाचलं.

शहरात आपण कुत्री पाळतो, त्यांना नावं देतो, पलंगावर घेतो. मात्र त्यांच्या शरीराची भाषा शिकलेली माणसं घरात उरलेली नाहीत. तीन रात्रींत त्या दवाखान्यात मला भेटलेल्या नऊ घरांपैकी एकाही घराने हा आजार आधी ऐकलेला नव्हता. त्यांतल्या दोन घरांत ग्रेट डेन होता.

टेबलावर

शस्त्रक्रियेची घाई असली तरी थेट चाकू लावत नाहीत. रक्तदाब कोसळलेल्या कुत्र्याला भूल दिली तर तो भुलीतच जातो. म्हणून आधी त्याला सावरायचं.

टायगरच्या दोन्ही पुढच्या पायांच्या शिरांत सुया बसवल्या. पुढच्याच, कारण मागच्या पायांतून दिलेलं सलाइन त्याच दाबलेल्या शिरेपाशी अडकतं. दोन्ही बाटल्या जोरात सोडल्या. रक्ताचा एक थेंब छोट्या यंत्रावर ठेवला. त्यात लॅक्टेट मोजतात. शरीराच्या पेशी प्राणवायूवाचून किती वेळ तडफडल्या, त्याचं हे माप. १९९९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी पीळ पडलेल्या १०२ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. लॅक्टेट सहाच्या खाली असलेली जवळजवळ सगळी वाचली होती. सहाच्या वर असलेल्यांतली दहांपैकी जेमतेम सहा. टायगरचा आकडा आला ५.१. डॉक्टरबाईंनी तो आकडा मोठ्याने वाचला, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

मग जठरातली हवा काढायला नळी. नाकाच्या टोकापासून शेवटच्या फासळीपर्यंत मापून तिच्यावर चिकटपट्टीची खूण केली. टायगरच्या जबड्यात पट्टीचं रीळ आडवं धरलं आणि त्याच्या मधल्या भोकातून नळी आत सरकवली. ती अडली. तेव्हा उजव्या बाजूला, जिथे टिचकीचा आवाज सर्वांत टणक होता तिथले केस काढून, जाड सुई आत घातली. फुस्स करत हवा सुटली आणि आंबलेला वास खोलीभर पसरला. पोट डोळ्यांदेखत खाली बसलं. दुसऱ्या खेपेला नळीही गेली. "नळी गेली म्हणून पीळ सुटला असं समजायचं नाही," बाई मदतनिसाला म्हणाल्या. तो नवीन होता. "इथेच फसतात."

मला टोपी-मास्क देऊन कोपऱ्यात उभं केलं होतं. भूल दिली. टायगरला उताणा ठेवून पोटावरचे केस काढले, आणि छातीच्या टोकापासून बेंबीच्या खालपर्यंत चीर दिली. सर्वांत वर जठर दिसायला हवं होतं. त्याऐवजी दिसली चरबीची झिरझिरीत जाळी, ओढणीसारखी जठरावर पसरलेली. ही जाळी एरवी जठराच्या खालच्या काठाला लोंबते. जठर फिरलं की तीही त्याच्यासोबत फिरून वर येते. आत हात घालण्याआधीच ती पिळाची साक्ष देते.

डॉक्टरबाईंचा उजवा हात खोल गेला. जठराचं खालचं टोक डावीकडे सरकलेलं होतं, ते त्यांनी धरून वर ओढलं आणि त्याच वेळी डाव्या तळहाताने फुगलेला भाग खाली दाबला. एक संथ, जड हालचाल झाली आणि जठर आपल्या जागी वळलं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर बाई काहीच न करता उभ्या राहिल्या.

"रंग बघतेय," त्या म्हणाल्या.

जठराचा बराच भाग गुलाबी होता. वरच्या फुगवट्यावर तळहाताएवढा पट्टा जांभळा पडला होता. काळा, करडा किंवा हिरवट भाग मेलेला असतो, तो कापून काढावा लागतो. जांभळा अजून ठरायचा असतो. पाणथरी सुजून काळपट झाली होती. आम्ही सगळे त्या पट्ट्याकडे बघत होतो. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पुढे सरकत होते. दहा मिनिटांत जांभळ्याच्या कडा फिकट झाल्या, मग मधला भाग तांबूस झाला. पाणथरीचीही सूज ओसरली. काही कापावं लागलं नाही.

उरलं होतं सर्वांत महत्त्वाचं काम. नुसता पीळ सोडवून पोट शिवलं, तर अशा कुत्र्यांतल्या निम्म्याहून अधिकांना पुन्हा पीळ पडतो, काही अभ्यासांत शंभरातल्या ऐंशींना. म्हणून जठर उजव्या पोटभिंतीला कायमचं बांधतात. त्याची रीत मला फार भावली. जठराच्या खालच्या भागावर, फक्त वरच्या थरात, चारेक सेंटिमीटरचा छेद देतात. समोर पोटाच्या भिंतीवर तेवढाच छेद. आणि मग जखमेला जखम लावून शिवतात. नुसत्या टाक्यांच्या भरवशावर जठर टिकत नाही. धागा काही महिन्यांत विरघळून जातो. दोन जखमा एकमेकींत भरून येतात आणि त्यातून बंध तयार होतो. तो जमला की पुन्हा पीळ पडण्याची शक्यता शंभरात पाचांहून खाली येते.

शेवटचा टाका पडला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. टायगर मात्र अजून सुखरूप नव्हता. सुटलेल्या जठरातलं साचलेलं रक्त हृदयाकडे परत येतं आणि पुढच्या दीड-दोन दिवसांत हृदयाचा ठेका बिघडू शकतो. त्याच्या अंगाला ईसीजीच्या तारा लावल्या आणि मदतनीस पडद्यासमोर स्टूल ओढून बसला.

सकाळपर्यंत थांबू

आता माझं कारण.

सोळा वर्षांपूर्वी आमच्याकडे राजा नावाचा डॉबरमन होता. एका रात्री तो असाच फिरत राहिला, उमासे काढत राहिला. मी एका दवाखान्यात फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "गॅस असेल. सिरप द्या, सकाळी घेऊन या." मी सिरप दिलं. पोटावर शेकही दिला. तीनच्या सुमारास तो शांत झाला आणि मला वाटलं, आराम पडला. तो आराम नव्हता. साडेपाचला त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि श्वास थांबला होता.

फोनवरच्या त्या आवाजाबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं राग होता. आता त्या रागापेक्षा एक वाक्य जास्त छळतं: ‘सकाळपर्यंत थांबू.’ हे वाक्य फोनवरून आलं, पण ते मीही मनात म्हटलंच होतं. डॉक्टरबाईंना मी विचारलं की टेबलावर किती जातात. त्या म्हणाल्या, "टेबलापर्यंत आलेली बरीचशी वाचतात. जातात ती घरी, वाट बघण्यात."

म्हणून इथे सरळ लिहिते. कुत्रा पुन्हा पुन्हा ओकायचा प्रयत्न करतोय आणि फेसाशिवाय काही पडत नाही, तोंडातून लाळ गळतेय, त्याला एका जागी बसवत नाही, पोट ताणलंय. यातली पहिली खूण दिसली तरी पुरे, निघा. सगळ्याच कुत्र्यांचं पोट बाहेरून फुगलेलं दिसत नाही, खोल छातीत ते फासळ्यांआड लपतं. सोडा, तेल, सिरप काही पाजू नका, खालचं दार बंद असतं. फिरवून गॅस मोकळा होत नाही. निघताना दवाखान्यात फोन करून सांगा की जठराला पीळ पडल्याची शंका आहे, म्हणजे तिथे तयारी सुरू होते.

रात्रीचा रस्ता

निघायचं, पण कुठे? आजींची गाय डॉक्टर नदीपलीकडे होते म्हणून गेली. आज नदीवर पूल आहे. जनावरांसाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याची गाडी बोलावता येते. पण ती व्यवस्था मुख्यतः पशुधनासाठी आहे, आणि गाडीत कुत्र्याचं पोट उघडता येत नाही. त्यासाठी भुलीचं यंत्र हवं, प्राणवायू हवा, रात्री जागणारी किमान तीन माणसं हवीत.

आपल्याकडे पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. ते उभं राहिलं त्या काळात शहर घोड्या-बैलांवर चालत होतं. आज नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही महाविद्यालयं आहेत आणि तिथली मुलं-मुली गायी-म्हशींइतक्याच आस्थेने कुत्र्या-मांजरांवर शिकतात. जुलै २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं, चोवीस तास चालणारं. त्यामागे रतन टाटांचा स्वतःचा अनुभव होता. आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले होते, आणि तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता.

पण मुंबई-पुण्याबाहेर रात्री अकरानंतर शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना हाताच्या बोटांवर मोजावा लागतो. जिल्ह्याच्या गावी डॉक्टर असतात, चांगले असतात, पण ते एकटे असतात. दिवसभर तपासून थकलेल्या एकट्या माणसाने रात्री दोनला भूल कोणाच्या हाती द्यायची? माझ्या फोनवरचा तो आवाजही कदाचित असाच एकटा होता.

पैशाचा प्रश्नही असतो. मुलीच्या, पिठाची गिरणी चालवणाऱ्या वडिलांना साठ हजारांचा अंदाज सांगितला गेला. ते गप्प झाले. मग बाहेर जाऊन त्यांनी भावाला फोन केला. "गिरणीची मोटर बदलायला ठेवलेत," ते मला नंतर म्हणाले. "मोटर अजून चार महिने खेचेल." डॉक्टरबाई अशा प्रत्येक घराला दुसराही पर्याय सांगतात: परवडत नसेल तर वेदनेत ठेवू नका, शांतपणे जाऊ द्या. त्या हे दोष न देता सांगतात. रात्री दीड वाजता पैशापायी माणसाला गुन्हेगार वाटू देणं हे त्यांना पाप वाटतं.

आधीच घातलेला टाका

ही रात्र टळू शकते का? बऱ्याच अंशी.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मोठ्या जातींच्या १९००हून अधिक कुत्र्यांचा माग ठेवला. त्यातून दिसलं की वय वाढतं तसा धोका वाढतो. आई, बाप किंवा भावंडांपैकी कोणाला पीळ पडला असेल तर आणखी वाढतो. बकाबका खाणाऱ्यांत तो जास्त. जेवणाचं भांडं उंचावर ठेवल्याने पचन सुधारतं अशी समजूत होती. या पाहणीत उंच भांड्याने धोका वाढलेला आढळला. त्यांच्याच आणखी एका पाहणीत भित्र्या, धास्तावलेल्या कुत्र्यांत तो आनंदी कुत्र्यांपेक्षा जास्त दिसला. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली धापा टाकणारा कुत्रा तोंडाने हवाच गिळत असतो. त्या रात्री त्याला पोटभर जेवू घालण्यापेक्षा थोडं थोडं द्यावं आणि जवळ बसावं.

ग्रेट डेनमध्ये आयुष्यात कधीतरी पीळ पडण्याचा धोका साधारण तीनांत एक इतका मोठा आहे. म्हणून अशा जातींत नसबंदीच्या वेळीच, निरोगी असताना, जठर भिंतीला बांधून घेतात. त्या रात्री टायगरला जो टाका पडला तोच हा टाका, फक्त आधी, शांतपणे, दिवसाउजेडी. खर्च कितीतरी कमी येतो. पण पिल्लू विकणारे हे सांगत नाहीत, घेणारे विचारत नाहीत. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, शेफर्ड, डॉबरमन घरी आणणाऱ्याने पहिल्या लसीच्या दिवशीच डॉक्टरांना हे विचारावं, एवढं मला कळकळीने वाटतं.

गिरणी

तेराव्या दिवशी मी त्यांच्या गिरणीत गेले. आदल्या दिवशी टाके निघाले होते. जुनी मोटर घरघरत होती. टायगर दाराशी पडला होता, पोटावर केसांची खुंटं आणि त्यांतून गेलेली लांब गुलाबी रेघ. आता त्याला दिवसातून चार वेळा थोडं थोडं जेवण मिळतं, आणि ताटलीत मध्यभागी वाटी पालथी ठेवलेली असते, म्हणजे घाईने घास घेता येत नाही. ही युक्ती मुलीची.

संध्याकाळचं जेवण झालं. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नातीला हाक मारली, तिचा हात धरला आणि टायगरच्या शेवटच्या फासळीमागे नेऊन ठेवला.

"मार टिचकी."

तिने मारली. मऊ, दबका आवाज आला, भरल्या पोत्यावर थाप पडावी तसा.

"हा बरा आवाज," आजी म्हणाल्या. "रोज ऐक. म्हणजे दुसरा आला की कळेल."

मुलीने पुन्हा टिचकी मारली, कान खाली नेऊन. टायगरने शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि डोळे मिटले.